अंगणाची फरसबंदी : झाकण्यापूर्वीची मोजणी

घर बांधून पुरे होते, वास्तुशांत उरकते, पाहुणे परततात; आणि मग हाती उरलेल्या रकमेतून शेवटचे म्हणून जे काम काढले जाते ते अंगणाच्या फरसबंदीचे असते. फाटकापासून ओसरीपर्यंत गाडी ठेवण्यापुरती जागा, बाजूला चार माणसे बसतील एवढे मोकळे अंगण, असे त्याचे स्वरूप. काम लहान म्हणून त्यासाठी कोणी आराखडा काढीत नाही, अभियंत्याचा सल्ला घेत नाही, कागद तर करीतच नाही. ओळखीतला ठेकेदार येतो, अंगण पावलांनी मोजतो, चौरस फुटाचा दर सांगतो. थोडी घासाघीस होते आणि आगाऊ रक्कम त्याच्या हाती पडते. आठवडाभरात अंगण नव्या ठोकळ्यांनी झळकू लागते. पुढे मृग लागतो, दोन मोठे पाऊस होतात आणि फाटकाजवळची जमीन खचते, ठोकळे हलू लागतात, नालीकडे जावयाचे पाणी घराच्या जोत्याकडे वळते. मग ठेकेदाराला निरोप जातात. त्याच्या भेटी दुर्मीळ होतात आणि कालपर्यंतच्या ओळखीचे रूपांतर कायमच्या अबोल्यात होते.

बडनेऱ्यासारख्या गावात हा प्रकार नवा नाही. अशा प्रसंगी ठेकेदाराची नियत काढली जाते आणि तो फसवा निघाला एवढ्यावर चर्चा संपते. परंतु दोष केवळ माणसाच्या नियतीत असता तर चांगल्या माणसाची निवड केल्याने तो टळला असता. प्रत्यक्षात भले ठेकेदारही या व्यवहारात अपयशी ठरतात आणि शहाणे घरमालकही फसतात. त्याअर्थी खोट व्यवहाराच्या घडणीतच कोठेतरी असली पाहिजे. ती शोधू गेल्यास एक साधी गोष्ट ध्यानात येते. फरसबंदीत पैसा दिसणाऱ्या पृष्ठभागासाठी दिला जातो. तिचे आयुष्य मात्र न दिसणाऱ्या थरांवर अवलंबून असते. जे झाकले जाणार आहे त्याविषयी बोली होत नाही, ते कोणी मोजीत नाही आणि त्याचा वेगळा मोबदलाही ठरत नाही.

काळ्या मातीचा स्वभाव

वऱ्हाडात ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते, कारण येथील जमीन. ज्या काळ्या मातीने या प्रदेशाला कापूस दिला आणि ज्या कापसासाठी एकोणिसाव्या शतकात मुंबईहून नागपूरकडे लोहमार्ग नेताना बडनेऱ्याला स्थानक व अमरावतीचा फाटा मिळाला, तीच माती बांधकामाच्या दृष्टीने मोठी अविश्वासू आहे. बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणखनिजाचे प्रमाण मोठे असते. पाणी मिळाले की ती फुगते, उन्हाळ्यात वाळली की आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा गुण आहे, कारण त्या भेगांतून वरची माती खाली जाते व शेत जणू स्वतःच स्वतःची मशागत करते. फरशीच्या दृष्टीने मात्र हाच दोष होय. वर्षातून एकदा वर उचलली जाणारी आणि एकदा खाली बसणारी जमीन आपल्या पाठीवरचे ठोकळे सरळ रेषेत राहू देत नाही.

जुन्या पिढीला या अडचणीची झळ लागली नाही, कारण तिच्या अंगणाला फरशीच नव्हती. मुरमाची भर, त्यावर पांढऱ्या मातीचा व शेणाचा लेप, असे ते अंगण असे. भेग पडली की दुसऱ्या दिवशीच्या सारवणात ती बुजत असे. त्या अंगणाला खर्च नव्हता असे म्हटले जाते, ते अर्धसत्य आहे. घरातील बायकांचे रोजचे श्रम हाच त्याच्या देखभालीचा खर्च होता. त्याची नोंद कोणत्याही हिशेबात होत नसे इतकेच. पुढे शहाबादी फरशी आली, नंतर सिमेंटचा कोबा आला आणि आता सिमेंटचे सुटे ठोकळे, ज्यांना लोक ‘गट्टू’ म्हणतात, ते आले आहेत. रोजचे श्रम वाचले ही मोठीच मिळकत होय. मात्र रोजच्या रोज होणारी दुरुस्तीही त्याबरोबर गेली. तिच्या जागी एकदाच आणि नीट करावयाचे काम आले, आणि ते बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन करून घेण्याची वेळ आली.

दराच्या पोटात काय असते

काळ्या जमिनीवर ठोकळे टिकावयाचे तर सामान्यतः पुढील क्रम पाळावा लागतो. वरची काळी माती निदान फूटभर खोदून बाहेर काढावयाची. जेथे मातीचा थर जाड आहे तेथे त्याहूनही खोल जावे लागते. तळ धुमसाने ठोकावयाचा. त्यावर मुरूम पसरून, पाणी मारून, पुन्हा ठोकून घट्ट करावयाचा. त्यावर गिट्टीचा थर, तिच्यावर इंचभर चुरी किंवा रेती, आणि मग ठोकळे. कडेला सिमेंटचा पक्का बांध नसेल तर ठोकळे बाहेरच्या बाजूस सरकत जातात, आणि सांध्यांत बारीक रेती भरली नाही तर ते एकमेकांना धरून राहत नाहीत. सर्वांत शेवटी, पण आरंभीच ठरवावयाची गोष्ट म्हणजे उतार. दहा फुटांस सुमारे दोन इंच उतार, आणि तोही घरापासून दूर, असला म्हणजे पाणी जोत्याशी थांबत नाही.

आता हिशेबापुरते एक उदाहरण घ्यावे. समजा, अंगण ५०० चौरस फुटांचे आहे. एक ठेकेदार सामानासह चौरस फुटास ९५ रुपये मागतो, दुसरा ७० रुपयांत तयार होतो. पहिल्याचे एकूण ४७,५०० रुपये होतात, दुसऱ्याचे ३५,०००. साडेबारा हजारांची बचत दिसत असता दुसऱ्याकडे मन वळणे स्वाभाविक आहे. परंतु एक फूट खोदाई म्हणजे ५०० घनफूट, अर्थात पाच ब्रास माती. आणि मोकळी झाल्यावर ती त्याहूनही अधिक भरते. ती खोदावयाची, ट्रॉलीत भरावयाची आणि गावाबाहेर नेऊन टाकावयाची. सहा इंच घट्ट मुरमासाठी अडीच ब्रास जागा भरावी लागते. ठोकल्यावर मुरूम बसतो, म्हणून आणताना तीन ब्रासांहून अधिक आणावा लागतो. यांपैकी खोदाई अर्धी केली आणि मुरूम दोन इंचांवर आणला, तर वरून पाहणाऱ्यास काही फरक दिसत नाही. अंगण दोन्ही घरी सारखेच झळकते. दरातील तफावत नफ्यातून आली आहे की खालच्या थरांतून, हे सांगणारी कोणतीही खूण पृष्ठभागावर नसते.

ठोकळ्यांची गोष्टही अशीच आहे. भारतीय मानक ब्यूरोने फरसबंदीच्या सिमेंट ठोकळ्यांसाठी आयएस १५६५८ हे मानक २००६ साली प्रसिद्ध केले. त्यात वापरानुसार जाडी व ताकद सांगितली होती. जेथे वाहन जात नाही तेथे ५० मिलिमीटर, हलक्या वाहतुकीस ६० मिलिमीटर, मध्यम वाहतुकीस ८० मिलिमीटर, असा तो क्रम होता. घरची मोटार उभी राहावयाची तर ६० मिलिमीटरांहून कमी जाडीचा ठोकळा घेऊ नये, हे यावरून उघड आहे. जाडी पट्टीने मोजता येते, ताकद मोजता येत नाही. साच्यातून निघालेला ठोकळा पुरेसे दिवस पाण्यात मुरला की नाही, हे रंगावरून कळत नाही. उलट, रंग जितका भडक तितका ठोकळा चांगला असा समज असल्याने परीक्षा नेमकी भलत्याच गुणाची होते.

माहितीची विषमता

अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला होता. पुढे २००१ साली ज्या कार्याबद्दल त्यांना दोन सहकाऱ्यांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्या मुळाशी तो निबंध आहे. त्याचा आशय असा की, मालाची खरी प्रत विक्रेत्यास ठाऊक आहे आणि ग्राहकास नाही, अशी स्थिती असेल तर ग्राहक सरासरी प्रतीचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगला विक्रेता बाजारातून हटतो. मग सरासरी आणखी घसरते, किंमत आणखी उतरते आणि अखेर बाजारात वाईट मालच अधिक उरतो.

फरसबंदीच्या ठेक्यास हा विचार तंतोतंत लागू पडतो. पूर्ण फूटभर खोदणाऱ्या ठेकेदारास आपला दर का जास्त आहे हे पटवून देता येत नाही, कारण ते पटवून देण्याचे साधनच त्याच्याजवळ नसते. दोनतीन कामे हातची गेली की तोही खोदाई कमी करतो किंवा हा धंदाच सोडतो. अशा रीतीने स्वस्त दराच्या मागे लागलेला प्रत्येक घरमालक स्वतःचे नुकसान करतोच, शिवाय पुढच्या घरमालकास चांगला कारागीर मिळण्याची शक्यताही कमी करून ठेवतो.

यावर असे म्हटले जाते की गावात सर्वांना सर्व ठाऊक असते. खोटे काम करणारा टिकत नाही. एके काळी हे बरेचसे खरे होते. जुन्या वस्तीत मिस्त्री तीन पिढ्यांचा ओळखीचा असे, आणि आठवडी बाजारात ज्याला तोंड दाखवावयाचे आहे तो माणूस काम सहसा बिघडवीत नसे. परंतु १९८३ साली अमरावतीत महानगरपालिका स्थापन झाली, बडनेरा तिच्या हद्दीत आले, आणि पुढील दशकांत दोन्ही गावांच्या दरम्यान व आसपास शेते मोडून एकामागून एक लेआउट पडले. तेथे राहावयास आलेली माणसे नोकरीनिमित्त ठिकठिकाणांहून आलेली आहेत. ठेकेदारही तालुक्यातालुक्यांतून येतात. कोणाचे काम तीन पावसाळे टिकले हे सांगणारा शेजारी आता सहज भेटत नाही. ओळखीची जागा ओळखीच्या आभासाने घेतली आहे. साल्याच्या मित्राने नाव सुचविले, एवढीच बहुधा ती ओळख असते.

सरकारी रीत आणि घरगुती रीत

सार्वजनिक बांधकाम खात्याची रीत येथे उद्बोधक ठरावी. खात्याजवळ अभियंते आहेत, प्रयोगशाळा आहेत, दरसूची आहे. एवढे असूनही खाते ठेकेदाराच्या शब्दावर विसंबत नाही. ते बयाणा रक्कम घेते, सुरक्षा ठेव कापून ठेवते, मोजमाप पुस्तकात नोंद झाल्यावाचून देयक काढीत नाही आणि काम संपल्यावरही दोषदायित्वाच्या मुदतीपर्यंत ठेकेदारास बांधून ठेवते. त्याच्या अटींत एक फार शहाणपणाची अट असते. जे काम पुढे झाकले जावयाचे आहे ते झाकण्यापूर्वी मोजून घेतले पाहिजे, आणि तसे न करता झाकले तर ते उघडून दाखविण्याचा खर्च ठेकेदारावर पडतो. या नियमांना सरकारी कामात अनेकदा वाटा फुटतात, हे कारकुनी करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. तरी नियमामागील तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही.

याउलट ज्याच्याजवळ अभियंता नाही, प्रयोगशाळा नाही, आणि ज्याची रक्कम भविष्यनिर्वाह निधीतून आलेली आहे, तो शिक्षक वा रेल्वे कर्मचारी अर्धे पैसे आगाऊ देतो आणि काम चालू असता नोकरीच्या गावी किंवा शाळेत असतो. परतून पाहतो तो मुरूम झाकलेला असतो. पाहणीचा खर्च झाकण्यापूर्वी शून्य असतो. त्याला फक्त एक पट्टी आणि पाच मिनिटे लागतात. झाकल्यानंतर तीच पाहणी करावयाची तर ठोकळे उपटावे लागतात. इतक्या स्वल्प खर्चात टळणारे नुकसान इतक्या सर्रास होत असावे, हे नवल आहे.

ठेकेदाराचीही एक बाजू आहे

एकट्या घरमालकाची बाजू मांडून भागणार नाही. लहान ठेकेदाराजवळ भांडवल नसते. बँक त्याला उभे करीत नाही. ठोकळ्यांचा कारखानदार रोख मागतो, ट्रॅक्टरवाला खेपेचे पैसे खेपेला घेतो, मजूर व रेजा यांची रोजी आठवड्याच्या बाजाराआधी द्यावी लागते. त्यामुळे नव्या घराची आगाऊ रक्कम आधीच्या घराचे काम पुरे करण्यात जाते आणि नव्याचे काम त्यापुढच्या आगाऊ रकमेची वाट पाहत राहते. ही साखळी कोठे तुटली की जो घरमालक शेवटी उरतो त्याचे अंगण अर्धवट राहते. याला केवळ लबाडी म्हणून चालणार नाही. खेळत्या भांडवलाच्या अभावाचा तो परिणाम आहे.

शिवाय पैसे थकविणारे घरमालकही थोडे नाहीत. काम नीट झाल्यावर एखादा ठोकळा वाकडा दाखवून शेवटचे पाच हजार बुडविण्याची युक्ती पुष्कळांस अवगत आहे. म्हणून ठेकेदार आगाऊ रक्कम फुगवून मागतो, आणि ती फुगलेली पाहून घरमालकास संशय येतो. अविश्वास दोन्ही बाजूंस आहे आणि तो दोन्ही बाजूंस महागात पडतो. दर कमी पाडून घेतला की त्याचा भार खाली सरकत सरकत अखेर जिच्या डोक्यावर घमेले आहे त्या रेजाच्या रोजीवर येऊन थांबतो, हेही विसरता येणार नाही.

रोजीने काम द्यावे की ठेक्याने, हा प्रश्नही नेहमी विचारला जातो. रोजीच्या कामात घाई नसते, पण दिवस वाढतात आणि देखरेख सतत लागते. ठेक्याच्या कामात वेग असतो, पण तो वेग खालच्या थरांतूनच वाचविलेला असू शकतो. खोदाई व मुरूम हे काम ब्रासाच्या मोजमापावर, आणि ठोकळे बसविण्याचे काम चौरस फुटावर, असे दोन भाग पाडले तर दोहोंतील गुण पदरात पडतात. सामान घरमालकाने स्वतः विकत घेतले तर आगाऊ रकमेचा प्रश्नही पुष्कळसा सुटतो. मात्र ट्रॉली हे माप नव्हे, हे तेव्हा ध्यानात ठेवावे. ट्रॉलीची लांबी, रुंदी व भरावाची उंची फुटांत मोजून त्यांच्या गुणाकारास शंभराने भागले म्हणजे ब्रास निघतो.

एक पानाचा कागद

उपाय मोठा नाही. एका पानावर पाच गोष्टी लिहिल्या तरी पुरे. खोदाई किती इंच आणि निघालेली माती कोणी न्यावयाची. मुरूम व गिट्टी यांचे थर ठोकून झाल्यावर किती इंच राहतील. ठोकळ्याची जाडी व ताकद कोणती. उतार किती व कोणत्या दिशेस. आणि पैसे कोणत्या टप्प्यावर किती द्यावयाचे. खोदाई झाली की पट्टी लावून पाहावे व त्या भागाचे पैसे त्याच दिवशी द्यावेत. मुरूम ठोकून झाला की पुन्हा तसेच करावे. हल्ली प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र काढणारा दूरध्वनी असतो. पट्टी लावलेल्या खड्ड्याचे एक छायाचित्र दोघांनीही जवळ ठेवावे. एकूण रकमेचा दहावा भाग एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावा आणि दसऱ्याला तो न मागता चुकता करावा. ही शेवटची अट घरमालकावर आहे. ती लेखी असली म्हणजे ठेकेदारासही तिचा आधार मिळतो.

ओळखीच्या माणसाशी कागद करणे अपमानाचे वाटते, असा आक्षेप येईल. परंतु लग्न ठरताना सोयरिकीची माणसेदेखील याद्या करतात, त्यावर सह्या होतात आणि त्यामुळे सोयरीक तुटत नाही. उलट, कोणी काय करावयाचे हे ठरल्यामुळे मांडवातले भांडण टळते. अंगणाच्या यादीलाही हाच न्याय लागू आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही कागदाचे मोल आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो, पण तो सिद्ध करण्याचे ओझे तक्रार करणाऱ्यावर पडते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १९९३ च्या दुरुस्तीने घरबांधणीचा समावेश सेवेमध्ये झाला आणि २०१९ च्या नव्या कायद्यानेही तो कायम ठेवला. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहारांबाबत जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्यास शुल्क पडत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. हा दरवाजा उघडा आहे, परंतु हाती पावती व यादी असल्यावाचून तेथे काय दाखविणार? मजुरांनाही या लेखी शिस्तीचा उपयोग आहे. बांधकाम कामगार म्हणून कल्याणकारी मंडळाकडे नोंद करावयाची तर मागील वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. जेथे कामाची कोठेच नोंद नाही तेथे हा दाखला मिळविण्यातच माणूस थकून जातो.

सार्वजनिक संस्थांनीही यात थोडा हात घालावयास हरकत नाही. बडनेऱ्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अमरावतीत शासकीय तंत्रनिकेतन आहे. स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी येथील काळ्या जमिनीस योग्य असा फरसबंदीचा एक पानाचा मराठी नमुना तयार करावा, महानगरपालिकेने बांधकाम परवानगीच्या कागदांबरोबर तो द्यावा, एवढे सहज होण्याजोगे आहे. अंगणातील पाणी कोठे जाते हाही सार्वजनिक प्रश्न आहेच. अमरावती व बडनेरा यांना पिण्याचे पाणी दूरवरच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून आणावे लागते, आणि घरोघरच्या अंगणांवर पडणारा पाऊस मात्र सलग कोब्यावरून नालीत वाहून जातो. रेतीच्या सांध्यांचे ठोकळे आणि कुंपणालगत हातभर मोकळी माती ठेवली तर त्यातील काही पाणी जमिनीत मुरेल. मात्र ते जोत्यापासून दूर मुरले पाहिजे.

अंगणाचे काम लहान असते हे खरे. पण बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आयुष्यात ते एकदाच निघते आणि त्यात गेलेली रक्कम पुन्हा उभी राहण्यास वर्षे लागतात. ठेकेदाराच्या दृष्टीनेही प्रत्येक टिकलेले अंगण हीच पुढच्या कामाची शिफारस असते. दोघांचेही हित एकाच जागी, मुरमाच्या थराशी, येऊन मिळते. तो थर झाकण्यापूर्वी दोघांनी मिळून एकदा मोजावा, एवढीच या व्यवहाराची गरज आहे.